आजीनं विचारलंच नाही

माझी आई एकोणिसाव्या वर्षी गेली. मी तेव्हा सव्वा वर्षाची होते. तिच्याविषयी मला जे माहीत आहे ते सगळं दुसऱ्यांच्या तोंडचं, आणि दुसऱ्यांच्या तोंडावर माझा कधीच फारसा विश्वास नव्हता. मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याच्या पारड्याखाली हात घालून बघणारी, नवरा "काही नाही" म्हणाला की त्यात काय आहे ते शोधत बसणारी बाई आहे मी. पण हा स्वभाव काही आकाशातून पडला नाही. तो मला घरातच, घास भरवावा तसा भरवला गेला.

घर भिलाईतलं. आमची माणसं मूळची भंडाऱ्याकडची. आईचे वडील रेल्वेत गँगमन होते, म्हणून तिचं माहेर दुर्गात, लाइनीच्या पलीकडे. तिथला पोलादाचा प्लांट उभा राहायला लागला तेव्हा बाबा एका ठेकेदार कंपनीत फिटर म्हणून लागले, आणि लग्न होऊन आई त्यांच्याबरोबर कंपनीच्या कॅम्पात आली. पत्र्याच्या खोल्यांची रांग, एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला कंपनीचा छोटा दवाखाना. एका शेजारी तेलुगू, दुसऱ्या शेजारी पंजाबी, आणि सगळ्यांच्या अंथरुणात सारखीच मुरमाची धूळ. मला यातलं काही आठवत नाही. मला आठवतं ते नंतरचं, प्लांटच्या वसाहतीत सेक्टरमधलं आमचं क्वार्टर, आणि तिथे मला वाढवणारी मावशी.

मावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. आई गेली त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात बाबांशी तिचं लग्न लागलं. त्या बाईनं मला न्हाऊमाखू घातलं, माझ्या वेण्या घातल्या, गोवर आला तेव्हा उशाशी बसून राहिली. आणि बारा वर्षांची होईपर्यंत माझी पक्की खात्री होती की माझ्या आईला हिनेच मारलं.

उगाच नव्हे. पाणी कुठेतरी मुरत होतं. आई कशानं गेली, असं मी विचारलं की बाबा म्हणायचे, "ताप आला होता." कसला ताप, ते सांगायच्या आत त्यांना सायकलच्या चेनीला तेल घालायचं आठवायचं. कॅम्पात आमच्या शेजारी राहिलेली एक पंजाबी काकू पावर हाउस स्टेशनाबाहेरच्या बाजारात भेटायची. ती म्हणायची, "लू लग गई थी, बेटा." ऊन लागून मेली, आणि ती गेली तो महिना होता पौष! आणि मावशीला विचारलं तर ती माझ्याकडे न बघता म्हणायची, "झोप आता." भर दुपारी.

खरी गोष्ट सांगायची ती आजी, आईची आई. निदान मला तसं वाटायचं. आजी विधवा होती, दुर्गात एका खोलीत एकटी राहायची. दर रविवारी पॅसेंजरनं पावर हाउसला उतरून आमच्याकडे यायची. पदरात कधी बोरं, कधी मुरमुरे. मावशी स्वयंपाकात असली की आजी मला मागच्या अंगणात घेऊन बसायची, डोक्याला तेल चोळायची, आणि कानाशी तोंड आणून बोलायची.

"तुही माय धडधाकट होती. दोन-दोन गुंड पानी डोक्यावर एकदम आने."

"मग कशानं मेली?"

"मले कावून विचारते? घरातच हाय ना ते. तिले विचार."

एवढंच. पुढे कधी जायची नाही. पण मधेच चिमूट-चिमूट काही टाकायची. "धाकटीले बिमार म्हणून धाडली होती मी बहिणीकडं. आठ महिन्यात धाकटी गुलाब झाली अन् मोठी गेली." हे ऐकल्यावर माझ्यासारख्या पोरीला आणखी काय सांगायला हवं? कानामागून आली आणि तिखट झाली, असं आजी मावशीबद्दल म्हणायची, आणि मला ती म्हण नसून साक्ष वाटायची.

मग मी स्वतःच बघायला लागले. आई जिवंत असतानाच मावशी घरात राहायला आली होती, हे खरं होतं. आई गेल्यावर महिन्याभरात बाबांनी ती चांगली चाललेली कंपनी सोडली, कॅम्प सोडला, हेही खरं. कोणापासून पळत होते? शिवाय महिन्यातून एकदा बाबा मावशीला सायकलवर मागे बसवून दवाखान्यात न्यायचे. मला शेजारी ठेवायचे. परत आली की ती एका बाजूनं लंगडायची. काय झालं विचारलं की, "काही नाही व, आंग दुखते." दर महिन्याला, अगदी ठरल्या दिवशी अंग दुखतं कोणाचं?

आणि गळ्यातली ती पुतळी. आमच्याकडे दुसरेपणाची बायको पहिलीच्या नावानं चांदीची पुतळी घालते. पत्र्यावर उठवलेली बोटाच्या पेराएवढी बाई, काळ्या दोऱ्यात. मावशी जेवायला बसली की पहिला घास त्या पुतळीला लावायची, मग तोंडात घालायची. मला वाटायचं, भिते ही. आजीही म्हणायची, "पाप असते त्यालेच भेव रायते." खाई त्याला खवखवे.

या खात्रीवर मी बारा वर्षांची होईपर्यंत जे वागले ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. तिनं घेतलेला फ्रॉक मी मुद्दाम खिळ्याला अडकवून फाडला. शाळेत बाईंना सांगितलं की घरी मला शिळं वाढतात. ती जे वाढायची त्यातला घास मी आधी मांजरीला घालायचे आणि मांजर नीट चालते का ते बघायचे, मगच जेवायचे. मावशीला वाटायचं पोरीला मुक्या जनावराची माया आहे. ती शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमची पोट्टी मनीच्या आधी घास घेत नाही." ऐकून मला तिची कीव नव्हती येत. मला वाटायचं, किती बनेल आहे ही.

बारावं लागलं त्या वर्षी माझा घसा सुजला. पाणी गिळवेना, तापानं डोळे उघडेनात. बाबा फर्स्ट शिफ्टला गेलेले. मावशीनं मला रिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जीभ दाबून घसा बघितला, कागदावर काही लिहिलं, आणि आम्ही सुईच्या खोलीत गेलो. नर्सनं बाटलीत पाणी सोडून ती हलवली. मावशीनं विचारलं, "सिस्टर, कौन-सा है?" नर्सनं पेनिसिलिन सांगितलं.

मावशीनं तिचं मनगट धरलं. सुई हातात असलेल्या बाईचं मनगट! सबंध जन्मात कोणाशी वरच्या आवाजात न बोललेली ती, भांडायला उभी राहिली.

"पहले थोडा लगाके देखो. थोडा-सा."

"अरे, छोडो! पहले कभी लगा है इसको?"

"मालूम नहीं. मालूम नहीं बोल रही हूँ मैं, कागज पे लिख लो." आणि मग, खालच्या आवाजात, "इसकी माँ इसी सुई से गई."

नर्सनं बारीक सुई घेतली. तिनं माझ्या हाताच्या आतल्या बाजूला कातडीखाली थेंबभर औषध सोडलं आणि त्याच्याभोवती पेनानं गोल काढला. आम्ही बाकावर बसलो. मावशी त्या गोलाकडे अशी बघत बसली की तिला पापणी आहे की नाही, अशी शंका यावी. काही झालं नाही. कातडी लाल झाली नाही, खाज आली नाही. मग नर्सनं पूर्ण सुई दिली. त्यानंतरही मावशीनं मला अर्धा तास बाकावरून हलू दिलं नाही. दर मिनिटाला म्हणायची, "दम लागते का? खाजवते का?"

मी तापात होते, पण कान शाबूत होते. म्हणजे ताप नाही, लू नाही. आई सुईनं गेली, आणि हिला ते माहीत होतं. खोटं बोलणारी रंगेहाथ सापडावी, तसा मला आनंद झाला. हो, आनंदच. दुसरा शब्द नाही.

बरी झाल्याबरोबर मी दुर्गाला आजीकडे निघाले. आजीची वाट बघण्याइतका धीर नव्हता. आजी दारात चिंच फोडत बसली होती, पुढ्यात पाटा, हातात वरवंट्याचा तुकडा. मी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "आजी, मावशीच्या तोंडून निघालं. आई सुईनं गेली म्हणे."

आजीचा हात थांबला. मग तिनं एक चिंच फोडली, चिंचोका काढून बाजूला टाकला.

"असं म्हणली?"

"हाव. दवाखान्यात, नर्सला. तिले पहिल्यापासून माहीत होतं!"

"अजून काय म्हणली?"

"काही नाही."

"बरं," आजी म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "घरी कोणाजवळ बोलू नको."

मला वाटलं होतं ती छाती पिटेल, मावशीला शिव्या देईल, आत्ताच्या आत्ता चल म्हणेल. तिनं मला मुरमुऱ्याचा चिवडा दिला आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं.

दुर्ग ते पावर हाउस म्हणजे काय, डबा भरून घाम यायच्या आत स्टेशन येतं. तेवढ्या वेळात माझ्या मनात पाल चुकचुकली. आपली पोर सुईनं मेली हे आई पहिल्यांदा ऐकते, तर ती काय विचारेल? कोणती सुई? कोणी दिली? कुठे? आजीनं यातलं काही विचारलं नाही. तिनं फक्त एवढंच विचारलं, की मावशी अजून काय म्हणाली.  मी मावशीवर रोखलेला सगळा संशय हातात घेऊन उभी होते, आणि तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

घरी आले तेव्हा मावशी मोरीपाशी बाबांच्या शर्टांना नीळ देत होती. मी दाराला कडी लावली. म्हटलं, "आजीलाही माहीत होतं. तुम्ही सगळे मला खोटं सांगता. आता सांग, नाहीतर मी बाबांच्या प्लांटात जाऊन फाटकावर ओरडेन."

ओरडले असते की नाही, देव जाणे. पण मावशीनं ते खरं मानलं. तिनं बादलीतून हात काढले, कोपरापर्यंत निळे, आणि पदराला न पुसता तशीच पाटावर बसली.

तिनं जे सांगितलं ते असं. पंधराव्या वर्षी तिचे सांधे सुजायला लागले, ताप यायचा, उंबरा ओलांडला तरी छाती धडधडायची. दुर्गातल्या डॉक्टरनं सांगितलं की हा वात हृदयात उतरतो, दर महिन्याला पेनिसिलिनची सुई द्यावी लागेल, वर्षानुवर्षं. आजोबा वारले होते, त्यामुळे घरच्यांना रेल्वेचा दवाखाना बंद झाला होता. बाबांच्या कंपनीच्या दवाखान्यात मात्र कामगाराला, त्याच्या बायकोला आणि पोरांना औषध मिळायचं. बायकोच्या नावाचं कार्ड होतं. कार्डावर फोटो नव्हता. नाव आणि वय, बस. दोघी बहिणी तोंडावळ्यानं सारख्या, वयात दोन-तीन वर्षांचं अंतर. आजीनं धाकटीला मोठीच्या घरी पाठवलं, आणि मोठीचं कार्ड तिच्या हातात दिलं.

आठ महिने मावशी त्या दवाखान्यात माझी आई म्हणून जात होती. कंपाउंडर तिला "फिटर की घरवाली" म्हणून ओळखायचा. दर महिन्याची सुई कार्डावर तारखेनिशी लिहिली जायची. आणि खरी फिटरची घरवाली त्या आठ महिन्यांत एकदाही दवाखान्याची पायरी चढली नाही. चढणार कशी? डोकं दुखलं तर सुंठ, पोट दुखलं तर ओवा. एकाच नावाच्या दोन बायका दिसल्या असत्या तर बाबांची नोकरी त्याच दिवशी गेली असती.

"मंग बाईच्या छातीले गळू झालं," मावशी म्हणाली. मोठ्या बहिणीला ती बाई म्हणायची. "तू आंगावर पेत होती ना. तीन दिवस पोटीस बांधलं. चौथ्या दिवशी ती बरळाले लागली. तवा माय आल्ती. म्हणली, मी नेतो हिले. तो वळखीचा कंपाउंडर सुट्टीवर होता. तोंडावरून पदर घेऊन गेल्या दोघी. मले कशी जाता येईन? मी घरी होती. तू माह्या मांडीवर होती."

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं कार्ड वाचलं, ओळीनं आठ सुया लिहिलेल्या. तरी त्यानं विचारलं. हीच सुई लागते ना दर महिन्याला? काही त्रास होत नाही ना? आई तापात होती. आजी म्हणाली, "हाव. हर महिने लेती. कुछ नहीं होता."

आई दवाखान्याच्या बाकावरून उठलीच नाही. आधी हाताला खाज आली, मग ओठ सुजले, मग श्वास. डॉक्टरनं धावपळ केली, दुसरी सुई दिली. सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ.

"माय बोंबलत आली. ‘मीच म्हणलं व, मीच हाव म्हणलं,’ म्हणे. जिमिनीवर डोकं आपटे. ते एकदाच. मंग कधीच नाही म्हणली." मावशीनं निळे हात उलटे-सुलटे करून बघितले. "पयले तिनं सोताले दोष देल्ला. मंग नशिबाले. मंग मी लवकर बिमार कावून पडली, असं. असा फिरत-फिरत तो माह्यावर आला अन् थांबला."

लग्नही आजीनंच लावलं होतं. तिसऱ्या महिन्यात, घाईनं, कारण मोठी गेल्यावर कार्ड गेलं आणि धाकटीच्या सुया बंद पडल्या. बाबांनी कंपनी सोडून प्लांटात नोकरी धरली, कारण पहिल्या कंपनीत फिटरची मेलेली बायको परत सुई घ्यायला आली असती. त्यात मूल सांभाळायचं होतं. ते मूल मी. मावशीला स्वतःचं मूल होऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. हृदयाला झेपलं नसतं.

मला रडू येत नव्हतं, राग येत होता. मी ओरडले, "मग मला का नाही सांगितलंस? मी तुझ्याशी कसं वागले! तू मला बोलू का दिलंस?"

"काय सांगू? तुही आजी एका खोलीत एकली रायते. इतवारची वाट पायते. तुले कळलं असतं तं तू तिचं तोंड पायलं असतं का? माहं काय, तू माह्याच घरी हाय. रागानं का होईना, जेवते तं माह्याच हातचं." मग माझा हात धरला, नीळ माझ्या मनगटाला लागली. "तिले बोलू नको. तिनं मुद्दाम नाही केलं. मले वाचवाले गेली ते."

मी कबूल केलं. शपथ घेतली.

दोन रविवार पाळली. आजी आता आमच्याकडे येईनाशी झाली होती. मलाच दुर्गाला बोलवायची आणि दर वेळी तेलाचा हात डोक्यावर ठेवता-ठेवता विचारायची, "अजून काही बोलली का ते?" दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी विचारून झाल्यावर तिनं पुढे जोडलं, "सांभाळून राय, पोरी. बहिणीची नाही झाली ते तुही का होईन?"

इतकी वर्षं ही बाई माझ्याकडून हेरगिरी करवून घेत होती! मी तिच्या हाताखालून डोकं काढलं. म्हणाले, "डॉक्टरले हाव कोण म्हणलं, आजी? तूच म्हणली ना?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. बारा वर्षांची होते, हे खरं आहे, पण मला नेमकं काय बोलायचं होतं ते मला माहीत होतं. तिला लागावं म्हणूनच बोलले.

आजीनं तेलाची वाटी खाली ठेवली. "तुले कोणं सांगतलं?"

"मावशीनं."

ती उठली. हात धुतले. माझ्यासाठी भात वाढला, त्यावर वरण, बाजूला आंब्याचं लोणचं. मी जेवले नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली, आणि भिंतीलाच म्हणाली, "नाही म्हणलं असतं तं धाकटीच्या सुया गेल्या असत्या. मले काय माहीत, सुई-सुईत फरक रायते म्हणून? एकीले चालते ते दुसरीले चालन, एकाच पोटच्या तं होत्या." उठून माझ्या ताटावर झाकण ठेवलं. मग, "जाय. तुही गाडी सुटन."

पुढच्या रविवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही. मावशी म्हणायची, "कावून नाही जात?" मी म्हणायचे, अभ्यास आहे. मग मावशीच डबा घेऊन जायला लागली, पॅसेंजरनं, त्या छातीनं पुलाच्या पायऱ्या चढून. आजी दार उघडायची, डबा बाहेरच ठेवून घ्यायची आणि मावशीला आत घ्यायची नाही. पुढच्या वेळी डबा जसाच्या तसा भरलेला परत मिळायचा. वरणाला बुरशी, भाकरी दगड.  मावशी घरी येऊन ते अन्न टाकायची आणि बाबांना विचारायची, "मायचं काय बिनसलं असन?" बाबा सायकलकडे बघायचे.

आजारी नव्हती आजी. थंडी सुरू झाली आणि एका सकाळी शेजारणीनं हाक मारली तर ती उठली नाही. तिच्या अंगावर गोधडी नीट घातलेली होती, चूल स्वच्छ, खोलीत अन्नाचा कण नव्हता. लोक म्हणाले, म्हातारी सुखानं गेली. मावशीनंच तिला न्हाऊ घातलं.

तेरावं झालं त्या दुपारी मावशी आणि मी आजीच्या खोलीत भांडी पोत्यात भरत होतो. मावशी थांबली. तांब्या हातात तसाच. म्हणाली, "एक विचारू? तू तिले काही बोलली होती का?"

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. आजी मरेपर्यंत असं समजत होती की हिनंच तिचं गुपित माझ्यापुढे उघडं केलं, दहा-अकरा वर्षांचं मौन हिनं एका दुपारी विकलं. आणि हिला स्वतःच्या आईनं दार का लावलं ते मी सांगितल्याशिवाय कधीच कळणार नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

मला वाटलं ती पुन्हा विचारेल. मी असते तर दहा वेळा विचारलं असतं, तारखा विचारल्या असत्या, शपथ घ्यायला लावली असती. मावशीनं फक्त मान हलवली. म्हणाली, "तेच म्हणते मी. तू कायले बोलशीन?" आणि तांब्या पोत्यात घातला.

त्यानंतर ती सोळा वर्षं जगली. त्या सोळा वर्षांत आम्ही रोज बोललो, भांडलो, माझं लग्न तिनं लावलं, शेवटी तिला दवाखान्यात मीच नेत होते. सांगायला हजार वेळा संधी होती आणि मी एकदाही सांगितलं नाही. मी तिनं वाढलेल्या ताटातला घास मांजरीला घालून बघितला होता. माझ्या शब्दावर शंका घ्यावी, हे तिला कधी सुचलंसुद्धा नाही.